कळशीवरचं नाव

आमच्या मंडळाचा तिळगूळ समारंभ संपला की मागच्या खोलीत भांडी परत देण्याचा कार्यक्रम होतो, आणि माझ्या मते तोच मुख्य कार्यक्रम. दुबईतल्या अल कुसैसच्या हॉलमध्ये घराघरांतून आलेली पातेली, पराती, डबे, झारे धुऊन पालथे घातलेले असतात, आणि कोणाचं काय हे त्यांवर कोरलेल्या नावांवरूनच कळतं. मी स्टुलावर चढते, एकेक भांडं डोक्यावर धरते आणि लिलाव पुकारते. "सौ. कुंदा गोखले यांची परात! एका बाजूने पोचा आलाय, पण पुरणाला हिच्यासारखी दुसरी नाही! बोला, कोण नेतंय?" बायका हसून हसून भिंतीला टेकतात, कारण कुंदाताई कधीच्याच पुण्याला परत गेल्या आहेत आणि त्यांची परात अजून दुबईत घरोघर फिरते आहे. या जानेवारीत माझा लिलाव असाच रंगात आला होता, आणि फोन वाजला. ल्युक होता. म्हणाला, "मंजिरी... शुभदा गेली."

ल्युक कॅनडाचा, फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातला. बोलणं सगळं इंग्रजीतून. पण हे त्याने मराठीत सांगितलं. मला नंतर कळलं, शेवटच्या आठवड्यांत त्याने तिलाच विचारून ठेवलं होतं की तुमच्यात हे कसं सांगतात, आणि तिने त्याच्याकडून ते वाक्य म्हणून घेतलं होतं. मी फोन बंद केला. खालून कोणीतरी ओरडलं, "अनघाताई, यल्ला, पुढचं घ्या!" माझ्या हातात एक पातेलं होतं. मी त्याच्यावरचं नाव वाचलं, त्याच लिलावाच्या आवाजात, जिचं होतं तिला दिलं, आणि मग स्टुलावरून उतरले.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई अनघाताई, मग तो हिला मंजिरी का म्हणतो? सांगते. पण त्यासाठी आधी शुभदाला स्टेजवर आणायला हवं.

ती पहिल्यांदा आली ती आमच्या गणपतीत. बरोबर हा उंच गोरा माणूस, अंगात नवाकोरा कुर्ता, पाकिटातल्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. माईक अर्थातच माझ्याकडे. माझ्या हातातल्या कागदावर त्याचं आडनाव इंग्रजीत होतं, आर-ओ-वाय. मी दणक्यात जाहीर केलं, "आणि आज आपल्यात खास आले आहेत मिस्टर अँड मिसेस रॉय, बंगालहून!" हॉलमधल्या माना वळल्या. बंगालहून आलेला तो माणूस कानापर्यंत लाल झाला. त्याची बायको शांतपणे स्टेजवर चढली, माझ्या हातातून माईक घेतला. माझ्या हातातून! अशी हिंमत आजवर कोणी केलेली नाही. म्हणाली, "नमस्कार. ते रॉय नाहीत, त्यांच्याकडे त्याला रुआ म्हणतात. आणि मी रॉयही नाही, रुआही नाही. मी शुभदा सहस्रबुद्धे." आणि माईक परत देताना माझ्या कानात, "अनाउन्समेंट छान करता हो तुम्ही. माहिती तेवढी चुकीची होती."

जेवताना आमच्या दांडेकर काकूंनी तिला गाठलंच. दांडेकर काकू म्हणजे मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ. त्यांना जे विचारावंसं वाटतं ते त्या विचारतात.

"लग्न झालंय ना गं रीतसर?"

"झालंय काकू. दोनदा. एकदा त्यांच्या चर्चमध्ये, एकदा आमच्या सांगलीत."

"मग नाव?"

"त्यांच्या प्रांतात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचंच नसतं. आता तसा कायदा आहे. आणि आधीसुद्धा, लोक हाक काही मारोत, चर्चच्या दप्तरात बाई जन्माच्याच नावाने. लग्नात तेच, मुलाच्या बारशात तेच, पुरताना तेच."

"अगंबाई! म्हणजे सासरचं म्हणून काहीच नाही?"

"आहे की. सासू आहे."

काकूंच्या हातातली वाटी डुचमळेपर्यंत त्या हसल्या. आणि मी पाहत होते की या सगळ्या बोलण्यात शुभदाने वाढायच्या टेबलावरची पातेली एकेक करून फिरवली, त्यांवरची नावं वाचली आणि मगच भाजी घेतली. ही तिची सवय. कोणाच्याही घरी जा, भांडं आधी फिरवून नाव बघायची, मग जेवायची. मी तिला म्हणायची, "अगं, तू जेवायला येतेस की जप्तीला?"

पुढे ती अबुधाबीला, मी दुबईला, तरी आमचं जमलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू बघायची, मी शाळेत नाटकं बसवते. दोघींच्या कामात फारसा फरक नाही असं तिचं म्हणणं. एकदा तिने मला विचारलं, "तुझं माहेरचं नाव काय?" मी आडनाव सांगितलं. "आडनाव नाही. नाव." मी म्हणाले, "मंजिरी." इतक्या वर्षांनी ते माझ्या तोंडून ऐकताना मलाच कोणीतरी तिसरी बाई खोलीत आल्यासारखं वाटलं. लग्नात तांदळात अंगठीने नाव लिहितात ना, तिथे माझं अनघा झालं. कारण घरात एक मंजिरी आधीच होत्या, मोठ्या जाऊबाई, आणि दोन मंजिऱ्यांना हाक मारायची कशी? मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नाटकातली बाई मी, नवी भूमिका मिळाली, नवं नाव मिळालं, टाळ्या! शुभदा हसली नाही. त्या दिवसापासून ती मला मंजिरी म्हणायला लागली, आणि तिचं ऐकून ल्युकही. अख्ख्या आखातात त्या नावाने मला हाक मारणारी माणसं दोन.

अबुधाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथून समुद्र दिसतो ती भिंत सोडून बरोबर समोरच्या भिंतीवर, ल्युकने त्याचा वंशवृक्ष लावला होता. वृक्ष कसला, पंखाच. जपानी पंखा उघडावा तसा अर्धगोल. मध्ये ल्युक, मग आई-वडील, मग आजी-आजोबा, अशा पाकळ्या पसरत बाराव्या पिढीपर्यंत गेलेल्या. जबल अलीच्या बंदरात क्रेन दुरुस्त करून आला की हा माणूस संध्याकाळी कॉम्प्युटरवर जुन्या चर्चची दप्तरं वाचत बसायचा. मला एकेका पाकळीवर बोट ठेवून गोष्टी सांगायचा. हा शिपाई, फ्रान्सहून आला, पलटणीत सगळ्यांना टोपणनावं असत, याला 'बागेवाला' म्हणत, म्हणून पुढच्या पिढ्यांनी आडनावच दोन लावली, रुआ आणि देझार्दँ, म्हणजे बागांचे. एक भाऊ एक घेऊन गेला, दुसरा दुसरं. मी म्हटलं, "हबीबी, हे आमच्याकडेही आहे. आमचे मूळचे जोशी, गाव सोडलं आणि गावाच्या नावाचे झाले, चुलत घराणं अजून जोशीच." तो इतका खूश झाला की त्याने मला कॉफी दिली, वर चीजही दिलं, जे तो सहसा कोणाला देत नसे.

आणि त्या पंख्यात बायका होत्या. प्रत्येक पुरुषाच्या शेजारी एक पाकळी, आणि तिच्यात तिचं स्वतःचं, जन्माचं नाव. सगळ्यांच्या आधी 'मारी', कारण बारशाला प्रत्येक मुलीच्या नावाआधी मारी लावायचीच रीत, मुलांना जोसेफ. खरं नाव त्याच्या पुढचं. मारी-लुईझ, मारी-आंजेलिक, मारी-जेनव्हिएव्ह... शुभदा चहाचा कप घेऊन त्या पंख्यासमोर उभी राहायची. एकदा मी शेजारी असताना म्हणाली, "ह्याच्या बाराव्या पिढीतल्या पणजीचं नाव मला माहीत आहे, मंजिरी. माझ्या आईचं माहीत नाही."

मला वाटलं, गंमत करतेय.

तिची आई ती तीन वर्षांची असताना गेली. आईचं नाव सुमती, पण ते सासरचं, लग्नात ठेवलेलं. माहेर देवासकडे कुठेतरी. एक मामा होता, तो एकदा पेरू घेऊन आला होता आणि रडला होता, एवढं तिला आठवत होतं. तोही लवकर गेला आणि तिकडचा धागा तुटला. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. आता ऐका. नव्या बाईंचं नाव काय ठेवायचं असा विषय निघाला, तर शुभदाची आजी म्हणाली, "सुमतीच राहू दे. आमच्या तोंडात बसलंय." म्हणजे घरात एक सुमती गेली आणि दुसरी सुमती आली, आणि भांड्यांवर, फोटोंमागे, ओठांवर सगळीकडे एकच सुमती उरली. वडिलांनी पहिलीचं नाव पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या आईने शुभदाला चांगलं वाढवलं, ते ती नेहमी आवर्जून सांगायची. घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, त्यात मुलगे आहेत, नातू आहेत, कोणी कोणता बंगला बांधला तेही आहे. बायका आहेत त्या फक्त सासरच्या नावाने.

ल्युकने आपल्या पंख्याशेजारी तिचाही पंखा लावला होता. वडिलांकडच्या पाकळ्या भरलेल्या. आईकडे एकच पाकळी, कोरी, आणि तिच्यापुढे नुसती भिंत. शुभदाला ती पाकळी भरायची होती. बाकी कुठलीही नाही, तेवढी एकच. पन्नाशी उलटलेली ही बाई रजा टाकून देवासला जाऊन आली, तिथल्या जुन्या मराठी वस्तीत दारं ठोठावली. "चाळीस घरी चहा प्यायले, मंजिरी. ॲसिडिटी झाली, आई नाही मिळाली."

मग तिच्या धाकट्या काकूंचा पत्ता लागला. बाकी सगळे गेले होते, या एकट्या उरल्या होत्या, सांगलीत, नव्वदीच्या आसपास. आम्ही अल रीमच्या फ्लॅटमधून व्हिडिओ कॉल लावला, शुभदा मध्ये, मी आणि ल्युक दोन्ही बाजूंना. स्क्रीनवर आधी नुसतं छत आणि पंखा दिसला, मग काकूंचं कपाळ.

"काकू, माझ्या आईचं माहेरचं नाव काय होतं हो?"

"सुमतीच की."

"ते सासरचं. त्याच्या आधीचं."

"आधीचं आम्ही कशाला विचारतोय बाई? आली तेव्हा सुमतीच होऊन आली." कपाळ जरा हललं. "एक कळशी होती बघ. पितळेची. माळ्यावर पडलेली असायची. तिच्यावर काहीतरी भलतंच नाव होतं. 'कुमारी' अमुक तमुक. आमच्यात त्या नावाचं कोणीच नाही. मला वाटलं, शेजारपाजारच्या कोणाची तरी कार्याच्या वेळी राहिली. विचारलं मी वाड्यात... 'नाही आमची,' म्हणाले सगळे. मग देवळात देऊन टाकली भंडाऱ्याला. दुसऱ्याची वस्तू घरात कशाला ठेवायची?"

मला कळायला थोडा वेळ लागला. शुभदाला माझ्याआधी कळलं होतं. आधीच्या पिढीतल्या आया मुलीच्या लहानपणापासून तिच्या नावाने भांडी जमवून ठेवायच्या, 'कु.' घालून, म्हणजे लग्नात एकदम भार नको. ती कळशी तिची होती. त्या घरात त्या एकाच भांड्यावर ती होती, आणि त्या नावाला घरात कोणी ओळखत नव्हतं म्हणून भल्या माणसांनी प्रामाणिकपणे ती परत करायचा प्रयत्न केला.

"काकू," शुभदाचा आवाज अगदी सरळ होता, "नाव काय होतं त्या कळशीवर?"

कपाळ स्क्रीनच्या आणखी जवळ आलं. "नाही गं आठवत. चांगलं होतं पण. मी पुसायची ना कधीमधी, हाताला लागायचं... चांगलं होतं नाव." आणि मग, "अगं, तुझ्या आईची होती की काय ती? मी काय केलं गं बाई हे!"

"काही नाही केलंत काकू. बरोबरच केलंत. दुसऱ्याची वस्तू परत द्यावी." असं म्हणून ती पुढचा अर्धा तास काकूंचे गुडघे, काकूंचा बीपी, काकूंची सून यांवर बोलत राहिली, काकू हसेपर्यंत. फोन बंद केल्यावर उठून आत गेली. ल्युक माझ्याकडे बघून म्हणाला, "काय झालं? सापडलं ना?" त्याला मराठी तेवढं कळलं नव्हतं. मला इंग्रजीत सांगायला शब्द जुळवावे लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला एक गोष्ट नीट सांगता आली नाही.

ती देवळात गेलीच. पुजाऱ्यांनी सांगितलं, पितळ घासायला माणसं मिळेनात म्हणून सगळं केव्हाच मोडीत घातलं आणि स्टीलची मोठाली पातेली घेतली. तरी तिने म्हणे मुदपाकखान्यातलं प्रत्येक भांडं फिरवून पाहिलं. शेवटी पुजारी म्हणाले, "बाई, आधी जेवायला बसा." ती बसली. वरण-भात वाढला, तोही स्टीलच्या पातेल्यातून. "त्याच्यावर देणगीदाराचं नाव होतं," मला म्हणाली, "कुठल्यातरी साहेबांचं. मिशी आहे असं वाटणारं नाव होतं." आम्ही दोघी खूप हसलो. फोनवर होतो, तोंडं दिसत नव्हती, म्हणून बरं.

परत आली ती नावं कोरायचं यंत्र शोधण्याच्या निश्चयानेच. सांगलीत भांड्याच्या दुकानात विकत घेतलेल्या भांड्यावर नाव फुकट घालून देतात, इथे कोण देणार? अल कुसैसच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून तिने विजेवर चालणारी एक लेखणी आणली, दाढीच्या मशीनसारखी घरघरणारी, आणि जेवणाच्या टेबलावर बसून बायकांच्या भांड्यांवर नावं कोरायला लागली. माहेरची. मंडळात खळबळ! "कोरते मी, आणा डबे," ती सांगायची, आणि बायका एकमेकींकडे बघायच्या. एक म्हणाली, "मला आवडेल गं, पण पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत." दुसरी म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." मी म्हटलं, "अगं, डब्याला विचार, त्याला दुखणार आहे." तरी पुढे आल्या त्या तीन-चारच. दांडेकर काकू तर म्हणाल्या, "मला आता काय करायचंय? माझी भांडी मीच विसरते."

माझा डबा तिने सगळ्यात आधी केला. स्टीलचा, कडीचा. 'मंजिरी' लिहिताना मी बाजूने तिला एक किस्सा सांगत होते, ती हसली आणि शेवटच्या वेलांटीचं शेपूट थेट डब्याच्या कडेपर्यंत गेलं. "राहू दे," म्हणाली, "ओळखायला सोपं." घरी आणला तर माझी मुलगी, जन्मापासून दुबईत वाढलेली, झाकण उचलून म्हणाली, "मम्मा, हू इज मंजिरी? डिड वी स्टील धिस?"

तिला सांगायचं ते मी हसण्यावारी नेलं.

गेल्या गणपतीत तो डबा मोदकांचं सारण भरून हॉलवर गेला आणि परत आला नाही. कोण परत आणणार? या गावात मंजिरी कोणालाच माहीत नव्हती. मी शुभदाला फोन करून नाटकी रडले, "तुझ्या नादाने माझा डबा गेला!" ती आधी हसली. मग, "अगदी कळशीसारखा," म्हणाली. "तू ग्रुपवर लिही ना. सांग, माझा आहे."

"जाऊ दे गं. दहा दिरहमचा डबा, म्हणजे अडीचशे रुपये धर. त्यासाठी सगळ्यांना पुराण कुठे सांगत बसू?"

"दहा दिरहमचा," ती म्हणाली, आणि विषय बदलला. तिला तेव्हा पोटात दुखत होतं, हे मला दिवाळीत कळलं.

पुढचं फार लांबवत नाही. तिलाही आवडलं नसतं. शेवटचं भेटले ते डिसेंबरात, पलंग घरातल्या हॉलमध्येच आणून ठेवला होता, समोर दोन्ही पंखे. ती बारीक झाली होती, पण जीभ जाग्यावर. मला म्हणाली, "नाटकाचं काय चाललंय? राजाचा मुलगा अजून वाक्यं विसरतो?" ल्युक खुर्ची ओढून जवळ आला. त्या कोऱ्या पाकळीचं काय करायचं हे त्याला तिच्याकडूनच हवं होतं. त्यांच्याकडे दप्तरात नाव सापडत नाही तेव्हा पाद्री 'अज्ञात' लिहीत. ते लिहू का, असं त्याने अगदी हळू विचारलं.

शुभदाने त्या पाकळीकडे बघितलं. "अज्ञात कशी?" म्हणाली. आधी मराठीत, मग त्याच्यासाठी इंग्रजीत. "तिला तिचं नाव माहीत होतं. तिच्या आईला माहीत होतं. कळशी कोरणाऱ्या माणसालासुद्धा माहीत होतं. मला तेवढं माहीत नाही." मग, "कोरी राहू दे."

अबुधाबीबाहेर वाळूत ती स्मशानभूमी आहे. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. बाराव्याचं मात्र लिहायला हवं, कारण ते तिला मी सांगितलं असतं तर ती पलंगावरून पडली असती.

आमचे गुरुजी आठवडाभर विमा कंपनीत क्लेम बघतात आणि सुट्टीच्या दिवशी पोथी घेऊन फिरतात. सज्जन माणूस. अल रीमच्या त्या हॉलमध्ये ल्युक पाटावर बसला, उपरणं खांद्यावरून घसरतंय, लांब पाय कुठे ठेवावेत कळत नाहीये. गुरुजींनी विचारलं, "गोत्र?" मी त्याला समजावून सांगितलं, म्हणजे मूळ कुठलं. "क्युबेक," तो म्हणाला. गुरुजींनी डोळे मिटले. "काश्यप घेऊ. ज्यांचं माहीत नसतं त्यांचं काश्यप." मग त्यांनी सांगितलं की गेलेल्या बाईला तिच्या सासू, आजेसासू, पणजेसासू यांच्यात मिळवायचं असतं, तर तिघींची नावं सांगा. बऱ्याच घरांत इथे गाडी अडते, मुलगे बहिणींना फोन लावतात, आजीचं खरं नाव काय गं. ल्युकची आईही मध्यंतरी गेली होती; त्याने तिच्यापासून सुरुवात केली. "मारी-थेरेज. मारी-लुईझ. मारी-आंजेलिक. मारी-जेनव्हिएव्ह. मारी-मादलेन..." तो थांबेचना, डोळे भिंतीवरच्या पंख्याकडेही नव्हते, पाठ होतं सगळं, गुरुजी हात वर करून, "सर, सर, खलास! तीनच लागतात!"

"सगळ्या मारीच?" गुरुजींनी मला हळूच विचारलं.

"ते चर्चसाठी," मी म्हटलं. "खरं नाव पुढचं."

गुरुजींनी तिघींची नावं मंत्रात बसवली. शुभदा सहस्रबुद्धे त्या तिघींत जाऊन मिळाली, चौघीही आपापल्या जन्माच्या नावाने. मग ल्युकने विचारलं, "आणि तिची आई?"

"तिची आई यात येत नाही, सर. लग्न झाल्यावर..." गुरुजींनी माझ्याकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. पोथीची दोन पानं उलटली. "पण वेगळं पाणी देता येतं. द्या. नाव सांगा."

ल्युकने माझ्याकडे बघितलं. खोलीत आम्ही सात-आठ जण, सगळे माझ्याकडेच बघायला लागले, कारण कुठेही शांतता पडली की ती भरायचं काम माझं. खाली समुद्रावर कुठलीतरी बोट होती, तिच्याकडे मी बघत राहिले... ल्युकने पळी उचलली. म्हणाला, "आई."

"चालेल," गुरुजी म्हणाले. "सोडा पाणी."

त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या ग्रुपवर एक फोटो आला. तन्वी म्हणून एक तरुण मुलगी आहे, इथेच वाढलेली, तिने टाकला होता. "हाय लेडीज, हा डबा कोणाचा आहे? गणपतीपासून आमच्याकडे आहे. नाव मंजिरी. कोणीच क्लेम नाही केला तर जबल अलीच्या लेबर कॅम्पवर जेवण पाठवतो त्याच्याबरोबर देऊन टाकते." फोटोत ते वेलांटीचं शेपूट स्पष्ट दिसत होतं. खाली उत्तरं येत गेली. आपल्यात मंजिरी कोणी नाही. शारजाची कोणीतरी असेल, गेली असेल परत. अगं, कोरलंय किती वाकडं. आणि मग दांडेकर काकूंचा आवाज, त्या टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात: "दे बाई देऊन. दुसऱ्याची वस्तू घरात कशाला ठेवायची?"

मी ते दोनदा ऐकलं. मी हायवेवर होते, तिथे गाडी थांबवता आली नसती, म्हणून पेट्रोल पंपाच्या आवारात वळवली, इंजिन बंद केलं आणि लिहिलं, "माझा आहे. मंजिरी म्हणजे मी."

मग काकूंचा आवाज आला, "अगं अनघा, हे कधीपासून?"

"जन्मापासून, काकू."

बऱ्याच वेळाने त्यांचा आणखी एक निरोप आला. बटण दाबून धरलं असावं, आधी नुसता श्वास ऐकू आला, मागे कुकरची शिट्टी. मग त्या म्हणाल्या, "मी वेणू हो."

तन्वीने डबा परत आणून दिला. रिकामा नाही, रीत तिलाही माहीत आहे, आत साखर होती. दारात म्हणाली, "सॉरी हं मंजिरीताई, मला माहीतच नव्हतं." मी तिला आत बोलावलं आणि माझ्या मुलीलाही बाहेर हाक मारली, आणि त्या दोघींना तांदूळ, अंगठी, मोठ्या जाऊबाई असं सगळं साग्रसंगीत करून दाखवलं. कळशीपाशी आले आणि डब्यातली साखर बरणीत काढायला घेतली. मुलगी म्हणाली, "देन व्हॉट, मम्मा?" पुढे काही नाही, मी म्हटलं. एवढंच आहे.

गेल्या शुक्रवारी त्या डब्यात आमटी भरून अल रीमला गेले. ल्युक आता क्युबेकला परत जायचं म्हणतो, मग म्हणतो उन्हाळ्यानंतर बघू. भिंतीवर दोन्ही पंखे तसेच आहेत, कोरी पाकळी कोरीच आहे. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात ती घरघरणारी लेखणी वायर गुंडाळून ठेवली आहे, तिने ठेवली होती तशी. मी डबा ओट्यावर ठेवला. ल्युकने ताटल्या काढल्या, भाताचं झाकण बाजूला केलं, चमचा घेतला, आणि आमटी वाढायच्या आधी डबा हळूच फिरवून नाव आपल्याकडे केलं, वाचलं, मग कडी उघडली.